घरच्या कॉम्प्युटरला फायरवॉल कोणता? आधी घरातला उघडून बघा

नागपूरच्या मनीषनगरहून एका निवृत्त काकांनी विचारलंय. घरी विंडोज 10 चा डेस्कटॉप आहे, फायबरचं कनेक्शन आहे, डेस्कटॉपला यूएसबीने जोडलेला प्रिंटर आहे. मुलगी मिहानमधल्या कंपनीचं काम घरून करते, तिचा लॅपटॉप वेगळा. नातू डेस्कटॉपवर गेम खेळतो. मध्यंतरी विंडोज नव्याने टाकून घेतलं, तेव्हा दुकानदाराने एका सिक्युरिटी सूटची 30 दिवसांची चाचणी आवृत्ती टाकून दिली आणि सांगितलं, "विंडोजचा फायरवॉल काही कामाचा नसतो, महिन्याने 2,400 भरा." तेव्हापासून लॅपटॉपवरून प्रिंट निघत नाही आणि नातवाने गेम लावला की परवानगी मागणारी खिडकी उघडते. भरवशाचा फायरवॉल, म्हणजे नेटवरून नको ते आत येऊ न देणारा पहारेकरी, कोणता, फुकटचा चालेल का, असा प्रश्न आहे.

काका, 2,400 रुपये खिशातच ठेवा. विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर फायरवॉल घरच्या कॉम्प्युटरला पुरतो. दुकानदार खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. त्याची माहिती वीस-बावीस वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा मीही हेच सांगत फिरायचो.

2003 च्या ऑगस्टची गोष्ट सांगतो. मी तेव्हा बर्डीवर एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचो. एका सकाळी शटर उघडायच्या आधीच चार लोक सीपीयू घेऊन उभे. सगळ्यांची तक्रार एकच: इंटरनेट जोडलं की थोड्या वेळात स्क्रीनवर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते आणि मशीन बंद पडून पुन्हा चालू होते. ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे स्वतःहून एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर पसरणारा व्हायरस, होता तो. कोणी ईमेल उघडली नव्हती, कोणी सीडी टाकली नव्हती. नुसतं नेटला जोडलेलं असणं पुरेसं होतं. विंडोजमधली एक सेवा 135 नंबरच्या पोर्टवर (नेटवरून आत येण्याच्या क्रमांकित दारावर) ऐकत बसायची, तिच्यात भोक होतं, आणि वर्म तिथून आत यायचा. भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने जुलैतच दिला होता, पण डायल-अपवर पॅच उतरवायला जितका वेळ लागायचा त्याच्या आत मशीन बंद पडायची. मग आम्ही पॅच सीडीवर घेऊन घरोघरी फिरलो.

मला खरी चुटपुट लागली ती नंतर. विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होता! 2001 पासून होता. कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये शेवटच्या टॅबवर एक चौकोन होता, त्यात टिक करायची, बस. ती टिक असती तर ब्लास्टर बाहेरूनच परत गेला असता. पण मायक्रोसॉफ्टने तो बंद ठेवून पाठवला होता आणि आमच्यापैकी कोणी त्या टॅबपर्यंत गेलंच नव्हतं. 2004 च्या ऑगस्टमध्ये सर्व्हिस पॅक 2 आला आणि तेव्हापासून विंडोजचा फायरवॉल आपोआप चालू असतो. "विंडोजचा फायरवॉल कामाचा नाही" ही म्हण त्या आधीच्या काळातली आहे, आणि तेव्हाही ती अर्धीच खरी होती.

आता भरवशाचा म्हणजे काय ते बघू. नेटवर बोलणारा प्रत्येक प्रोग्राम पोर्ट वापरतो. तुम्ही ब्राउझरमध्ये बातम्या उघडल्या, तर मागणी तुमच्याकडून गेली आणि उत्तर परत आलं. फायरवॉल हे लक्षात ठेवतो आणि त्या उत्तराला येऊ देतो. पण तुम्ही काहीच मागितलेलं नसताना बाहेरून कोणी तुमच्या मशीनशी बोलायला लागलं, तर तिथे फायरवॉलचं मुख्य काम सुरू होतं. अशा अनाहूत पाहुण्याला आत न घेणं हे घरच्या फायरवॉलचं नव्वद टक्के काम समजा, आणि विंडोजचा फायरवॉल ते चोख करतो. ज्यासाठी तुम्ही पैसे मोजणार होता, ते आत येणारं थांबवण्याचं काम दोघं सारखंच करतात.

मग विकतच्या सूटमध्ये जास्तीचं काय? एक म्हणजे बाहेर जाणाऱ्या प्रोग्रामवर नजर. विंडोज मूळ सेटिंगमध्ये बाहेर जाणाऱ्या सगळ्यांना जाऊ देतो. व्हिस्टापासून बाहेर जाणाऱ्यालाही अडवायची सोय त्यात आहे, पण ती आपल्याला हाताने लावावी लागते. विकतचे फायरवॉल इथे मोठं तोंड करून सांगतात की आम्ही प्रत्येक प्रोग्रामला विचारू. ऐकायला फार छान वाटतं. झोनअलार्म नावाच्या फायरवॉलच्या दिवसांत मी स्वतः त्याच्या प्रेमात होतो, ज्याच्या त्याच्या मशीनवर असलाच फायरवॉल टाकून द्यायचो.

त्या प्रेमाचं काय झालं, ऐका. धरमपेठेतल्या एका सीए साहेबांच्या ऑफिसात मी असाच विचारणारा फायरवॉल बसवला. सहा महिन्यांनी गेलो तेव्हा नियमांची यादी उघडली. पानामागून पान, आणि प्रत्येक नावापुढे परवानगीची हिरवी टिक. तिथल्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "सर, ते दिवसभर काही ना काही विचारूनच राहते. येस दाबलं की काम होते, नो दाबलं की टॅली बंद पडते. मग मी येसच दाबते." तिची चूक काय? एसव्हीसी होस्ट नावाचं काहीतरी कुठल्याशा आयपी पत्त्यावर जाऊ इच्छितं, जाऊ देऊ का, असं विचारल्यावर तिने काय उत्तर द्यायचं? खरं सांगायचं तर मलाही दहातल्या चारदा नीट सांगता आलं नसतं. त्यात आजचा चलाख मालवेअर (घातक प्रोग्राम) ब्राउझरच्या किंवा विंडोजच्याच एखाद्या सेवेच्या आडून, नेहमीच्या 443 पोर्टवरून, एन्क्रिप्टेड रस्त्याने बाहेर जातो. वरून बघणाऱ्या फायरवॉलला ते तुमचं नेटबँकिंगच वाटतं.

म्हणून माझी कसोटी अशी झालीय: फायरवॉल जितकं कमी विचारेल तितका तो घरासाठी भरवशाचा. आणि दुसरी कसोटी, जी जाहिरातीत कधीच नसते: तो काढून टाकला तर मशीन जशी होती तशी राहते का? हे सूट नेटवर्कच्या पोटात स्वतःचा ड्रायव्हर घालतात. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांकडे वर्गणी संपलेला सूट कंट्रोल पॅनेलमधून साधा काढला, आणि नेट गेलं. वायफायला जोडलेलं दिसतंय, पान मात्र एकही उघडत नाही. ड्रायव्हरचा तुकडा मागे राहिला होता. त्या कंपनीचं खास काढून टाकायचं साधन दुसऱ्या मशीनवर उतरवून पेन ड्राइव्हने आणावं लागलं तेव्हा कुठे सुटका. तिसरी गोष्ट: सूटचा फायरवॉल आला की विंडोजचा आपोआप बाजूला होतो. वर्गणी संपल्यावर सूट धड काम करत नाही आणि विंडोजचाही परत उभा झालेला नसतो, अशा मशीन मी पाहिल्यात. मालकाला वाटतं दोन दोन आहेत, असतो एकही नाही. तुमचे 30 दिवस संपायच्या आधी हे निस्तरा, म्हणूनच मी आज लिहितोय.

अँटीव्हायरस हा वेगळा विषय आहे, त्यात गल्लत नको. कुणाला विकतचा अँटीव्हायरस हवाच असेल तर घ्यावा, बहुतेकांत आतला फायरवॉल बंद ठेवून विंडोजचा चालू ठेवायची सोय असते. फक्त दोन फायरवॉल एकाच वेळी चालवू नका. एकाने सोडलेलं दुसरा अडवतो आणि मग दोष शोधता शोधता संध्याकाळ होते.

आता तुमच्या डेस्कटॉपवर काय बघायचं ते. स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी शोधा, आत फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन उघडा. तीन ओळी दिसतील: डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक. तिन्हींपुढे फायरवॉल ऑन असं दिसलं पाहिजे, आणि घरच्या कनेक्शनपुढे कंसात अ‍ॅक्टिव्ह. घरचं नेटवर्क पब्लिकमध्ये असेल तर सगळ्यात सुरक्षित, पण मग घरातल्या घरात प्रिंटर, फाइल काही मिळत नाही. प्रायव्हेट म्हणजे विंडोजला सांगणं की या नेटवर्कवर घरचीच माणसं आहेत. तुमच्याकडे प्रिंटर आहे, तर डेस्कटॉपवर प्रायव्हेट ठेवा. पण शेजाऱ्यांना वायफायचा पासवर्ड दिलेला असेल, वरच्या मजल्यावरचे भाडेकरूही तेच नेट वापरत असतील, तर ते घर प्रायव्हेट नाही. आधी पासवर्ड बदला. बाहेर लॅपटॉप नेला, स्टेशनवर किंवा हॉटेलात वायफाय जोडलं, तर न चुकता पब्लिक.

त्याच पानावर खाली अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप थ्रू फायरवॉल असं आहे. ही यादी बघायला कोणी जात नाही, आणि खरा कचरा इथेच साठतो. प्रोग्राम बसवताना आपण अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी देतो, तेव्हा तो स्वतःसाठी या यादीत गुपचूप जागा करून घेऊ शकतो. पुन्हा विचारत नाही. जुने टोरेंट, कधीकाळी टाकलेलं व्हिडिओ कॉलचं काहीतरी, काढून टाकलेल्या गेमची उरलेली नावं. ओळखीचं नाही आणि वापरात नाही त्याची टिक काढा. काही बिघडलं तर परत लावता येते. विंडोजच्या स्वतःच्या ओळींना, कोअर नेटवर्किंग वगैरेला, हात लावू नका.

नातवाच्या गेमचं बघू. विंडोजचा फायरवॉलही कधीतरी विचारतो, पण फक्त एखादा प्रोग्राम बाहेरून येणाऱ्यांसाठी कान उघडून बसायला लागला तरच. गेम खेळायला बहुतेक वेळा त्याची गरज नसते, कारण कनेक्शन आपल्याकडून सर्व्हरकडे जातं. कॅन्सल दाबलं तरी गेम चालतो. स्वतःच्या मशीनवर खेळ मांडून मित्रांना आत बोलवायचं असेल तरच परवानगी लागते. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत ही खिडकी गेमचं नाव घेतच नाही, ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी असं काहीतरी म्हणते. पोरगं बिचारं हो दाबतं, आणि परवानगी मिळते ती त्या अख्ख्या जावाला. उद्या त्याच जावावर चालणारं दुसरं काही आलं, तर त्यालाही तीच. यावर उपाय सोपा आहे. नातवासाठी वेगळं स्टँडर्ड अकाउंट करा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नको. त्या अकाउंटवरून फायरवॉलमध्ये भोक पाडताच येत नाही, तुमचा पासवर्ड लागतो. हा एक बदल कुठल्याही विकतच्या सूटपेक्षा जास्त काम करतो असं माझं मत आहे, आणि त्यावर मी वाद घालायला तयार आहे.

राउटरबद्दल लोक म्हणतात, फायबरचा डबा आहे ना, तोच फायरवॉल. अर्धं खरं. जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही4 मध्ये घरातली सगळी यंत्रं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे दडतात, त्यामुळे बाहेरून थेट तुमच्या डेस्कटॉपपर्यंत येता येत नाही. पण आता आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या आयपीव्ही6 देतात, आणि त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो. आडोसा गेला. राउटरमध्ये आयपीव्ही6 चा फायरवॉल चालू असेल तर ठीक, नसेल तर मशीनवरचाच काय तो आधार. शिवाय राउटर घरातल्या घरात काही अडवत नाही. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा वर्म आला, तो 445 पोर्टवरून एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर उड्या मारत गेला. घरातल्या एका लॅपटॉपला लागण झाली की राउटर नुसता बघत बसतो. त्याचाही पॅच दोन महिने आधी, मार्चमध्ये आलेला होता. राउटरमध्ये एवढंच करा: अ‍ॅडमिनचा मूळ पासवर्ड बदला, बाहेरून राउटर चालवायची सोय बंद करा, आणि यूपीएनपी (प्रोग्रामने स्वतःहून राउटरमध्ये दार उघडून घ्यायची सोय) बंद करून बघा. काही अडलं नाही तर बंदच राहू द्या.

तपासणीबद्दल एक सावधगिरी. शील्ड्सअप नावाची स्टीव्ह गिब्सन यांची जुनी सेवा आहे, ती बाहेरून तुमची पोर्ट तपासून दाखवते. चांगली आहे, पण ती तपासते राउटर, डेस्कटॉप नाही. बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात; तिथे तर ती कंपनीचं यंत्र तपासते आणि आपण उगाच खूश होतो. डेस्कटॉप खरंच तपासायचा तर घरातल्याच वायफायवरून, मोबाइलमधल्या एखाद्या नेटवर्क स्कॅनर अ‍ॅपने तपासा. नेटवर्क पब्लिक केल्यावर आणि प्रायव्हेट केल्यावर किती पोर्ट उघडी दिसतात यातला फरक बघितला की फायरवॉल काय करतो ते दहा मिनिटांत डोक्यात बसतं.

ज्यांना बाहेर जाणाऱ्या प्रोग्रामवरही लगाम हवा आहे आणि त्यासाठी वेळ द्यायची तयारी आहे, त्यांना मी टायनीवॉल सुचवतो. फुकट आहे, विंडोजच्याच फायरवॉल यंत्रणेवर चालतो, आणि खिडक्या उघडून छळत नाही. ज्याला परवानगी दिलेली नाही तो गप अडतो, आणि परवानगी आपण स्वतःहून जाऊन द्यायची. पहिले दोन-चार दिवस 'हे का चालत नाही' असं होईल. विंडोज फायरवॉल कंट्रोल हाही याच जातीचा, थोडा जास्त तपशील दाखवणारा. कुठला प्रोग्राम किती डेटा खातो हे नुसतं बघायचं असेल तर ग्लासवायर. मॅकवाल्यांनी सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन आधी फायरवॉल चालू आहे का ते बघावं. तो फक्त आत येणारं अडवतो, बाहेर जाणाऱ्यासाठी लुलू फुकट आणि लिटल स्निच विकत. उबुंटूमध्ये यूएफडब्ल्यू असतो पण झोपलेला, त्याला एका कमांडने उठवावं लागतं. तुमच्या घरासाठी मात्र, काका, यातलं काहीच टाकायची गरज मला दिसत नाही.

त्यापेक्षा विंडोज 10 ची चिंता करा. त्याचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. फायरवॉल चालूच राहील, पण नवी भोकं बुजणार नाहीत, आणि ब्लास्टरपासून वॉनाक्रायपर्यंत सगळे भोकातूनच आले. मशीन विंडोज 11 घेत असेल तर चढवा. नसेल घेत, तर मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून घेण्याची सोय दिलीय. अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो.

आणि एक, जे कुठलाच फायरवॉल थांबवत नाही. फोन येतो, वीज मंडळातून बोलतोय, बिल भरलेलं दिसत नाही, रात्री साडेनऊला लाइन कापतो, हे अ‍ॅप टाका. एनीडेस्कसारखं दूरून मशीन चालवायचं अ‍ॅप असतं ते. ते अ‍ॅप चांगलंच आहे, मी रोज वापरतो. पण ते आपल्याकडून बाहेर कनेक्शन करतं आणि त्या रस्त्याने समोरचा आत येतो. दार आपणच आतून उघडलेलं असतं. असं झालंच तर मशीनचं नेट तोडा, बँकेला कळवा आणि 1930 वर लगेच फोन करा; तासाभरात केला तर पैसे अडवले जाण्याची आशा असते. काकूंनाही हा नंबर पाठ करून ठेवायला सांगा.

राहिला प्रिंटर. सूट काढून टाका, पण त्याच्या कंपनीच्या काढून टाकायच्या साधनाने; ते आधीच उतरवून ठेवा. मशीन रीस्टार्ट करा, विंडोजचा फायरवॉल तिन्ही ओळींत ऑन झाला का बघा, घरचं नेटवर्क प्रायव्हेट करा, आणि अलाऊच्या यादीत फाइल अँड प्रिंटर शेअरिंगला फक्त प्रायव्हेटखाली टिक ठेवा. बहुधा एवढ्याने निघेल. मुलीचा लॅपटॉप कंपनीचा असेल तर त्यातल्या फायरवॉलला हात लावू नका, तो तिच्या आयटी विभागाचा मामला. कंपनीचं व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारा खासगी रस्ता) चालू असताना घरातलं नेटवर्क दिसणं बंद होतं असंही असतं. व्हीपीएन सोडून एकदा प्रिंट देऊन बघायला सांगा. आणि डेस्कटॉप चालू आहे ना ते आधी बघा. गेल्या मे महिन्यात प्रतापनगरला असाच लॅपटॉप मांडीवर घेऊन वरच्या खोलीत कूलरसमोर पाऊण तास एकेक नियम तपासत बसलो होतो. शेवटी आतून काकू पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "खालचा कॉम्प्युटर मी बंद केला जी सकाळीच. लय तापून राहिला होता."